कॅरोलाइन स्कॉट कचेरीत गेल्या, तो दिवस

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात पुढची खोली म्हणजे बाबांचे ऑफिस आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. मध्ये फक्त एक पडदा होता. रात्री स्वयंपाकघर आवरले की आई वाटीत कोमट पाणी घेऊन बसायची आणि शाई सुकून अडलेल्या बाबांच्या ड्रॉइंग पेनांच्या नळ्या, काळी रेघ पाण्यात पूर्ण विरेपर्यंत, एकेक करून साफ करायची. सकाळी नकाशावर सही बाबांची असे. वास्तुरचनाकारांची चरित्रे वाचताना माझी नजर आधी घराकडे वळते ती त्यामुळेच, आणि सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या बाबतीत तर ती तिथेच खिळून राहते.

मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे याच स्कॉट यांचे. ते भारतात कधीच आले नाहीत. नकाशे लंडनहून आले आणि ते दगडात उतरवले इथल्या कारागिरांनी. 1838 मध्ये त्यांनी नात्यातल्याच कॅरोलाइन ओल्ड्रिड यांच्याशी लग्न केले. त्या काळात विल्यम मॉफट हे त्यांचे भागीदार होते, आणि इंग्लंडमध्ये नवा गरीब कायदा आल्यावर ठिकठिकाणी उभ्या राहणाऱ्या गरीबगृहांची कामे ही जोडी धडाक्याने करीत होती. अशा चाळीसहून अधिक इमारती त्यांच्या नावावर आहेत. पैसा येत होता. पण मॉफट यांचा हात सढळ आणि व्यवहार धाडसी असल्यामुळे स्कॉट आतून धास्तावलेले होते. भागीदारी मोडायला हवी हे त्यांना कळत होते; समोरासमोर बसून तसे सांगण्याचा मात्र त्यांना धीर होत नव्हता.

अखेर कॅरोलाइन यांनीच ते मनावर घेतले. पती गावाला गेलेले असताना त्या गाडीत बसून कचेरीत गेल्या, मॉफट यांना एकांतात भेटल्या आणि स्कॉट यांनी वेगळे होण्याचे ठरवले आहे, असे त्यांना स्पष्ट सांगून आल्या. ही हकिकत स्वतः स्कॉट यांनीच आपल्या आठवणींत नोंदवली आहे. 1845 मधली ही गोष्ट. पदरी तीन मुलगे, त्यातला धाकटा जेमतेम वर्षाचा. याला कोणी बायकोची लुडबुड म्हणेल, पण मला ते पटत नाही. महिन्याचा खर्च ज्या माणसाच्या हातून होतो, त्याला बुडीत व्यवहाराची चाहूल सर्वांत आधी लागते. पुढे 1860 मध्ये मॉफट यांचे दिवाळे निघाले.

त्यानंतर स्कॉट यांच्याकडे कामांची रीघ लागली आणि घर मागे पडत गेले. पाच मुलगे झाले. पैकी थोरला जॉर्ज आणि दुसरा जॉन याच व्यवसायात आले, तर शेंडेफळ डकिनफील्ड जीवाश्म वनस्पतींचा नामवंत अभ्यासक झाला. तिसरा, अल्बर्ट, 1865 मध्ये ऐन विशीत गेला. त्याच्या आदल्या वर्षीच स्कॉट यांनी मुलांसाठी म्हणून आठवणी लिहायला घेतल्या होत्या. फेब्रुवारी 1872 मध्ये कॅरोलाइन वारल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्कॉट यांना 'सर' हा किताब मिळाला. सहा महिन्यांचे हे अंतर मला फार लागते.

थोरल्या जॉर्जचे पुढे जे झाले, ते त्या माउलीला पाहावे लागले नाही. बुद्धीने तो वडिलांच्या तोडीचा होता, पण 1884 मध्ये त्याला वेडसर ठरवण्यात आले आणि 1897 मध्ये लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरच्या, वडिलांनीच बांधलेल्या हॉटेलात त्याने प्राण सोडला. त्याचा मुलगा जाइल्स आईच्या छायेतच वाढला. लंडनची ती प्रसिद्ध लाल टेलिफोन पेटी त्याच्या हातची.

गेल्या वर्षी पंचवटी एक्स्प्रेसने आईला मुंबईला घेऊन गेले होते. स्कॉट मार्च 1878 मध्ये गेले आणि टॉवर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुरा झाला, प्रेमचंद रायचंद यांनी तो आपल्या आईच्या नावाने बांधवला, हे सगळे मी तिला सांगितले, आणि कॅरोलाइन यांची गोष्टही सांगितली. ती बराच वेळ ग्रंथालयाच्या चक्राकार जिन्याकडे पाहत उभी होती. मग म्हणाली, "परत आल्यावर नवऱ्याला तिने कसं सांगितलं असेल गं?"