गच्चीचा ताबा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या मजल्यावरून लोखंडी कॉट ओढल्याचा आवाज यायला लागतो. पोरं खोल्या सोडायला लागली, असा त्याचा अर्थ. तो आवाज कानावर पडला की मी खाली गहू भिजत घालते.

कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढेपर्यंत गच्ची मोकळी झालेली असते. एरवी ती आमची नसतेच. घरपट्टी तेवढी आमच्या नावानं येते. रात्री अकराला तिथं प्रत्येक कोपऱ्यात एकेक जण फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत असतो, आणि सकाळी बघावं तर दोरीवर सात-आठ जीन्स निथळत असतात. त्या थेंबांखाली कुरडया कोण घालणार?

सांगली म्हटलं की लोकांना हळद आठवते, गणपती आठवतो, फार तर भडंग. आमची विश्रामबाग सांगली आणि मिरजेच्या मधली, आणि ती पोसली आहे कॉलेजांनी. विलिंग्डन १९१९ सालचं, वालचंद १९४७ सालचं. त्यांच्या मागोमाग खानावळी आल्या, झेरॉक्सवाले आले, फाटकाफाटकांवर ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ अशा पाट्या आल्या. आमचं घरही त्यातलंच. सासऱ्यांनी वरचा मजला चढवला तो लेकासुनेसाठी नव्हे, भाडेकरू पोरांसाठी. हे मला लग्नानंतर कळलं.

तर मे महिना. कोपऱ्यावरच्या मेसच्या दारावर खडूनं लिहिलेलं असतं, ‘मेस बंद आहे’. कुत्र्यांना वाचता येत नाही. ती दोन दिवस त्याच दारात बसून राहतात, तिसऱ्या दिवशी रस्ता ओलांडून रसवंतीकडं सरकतात. उसाच्या चोथ्यात त्यांना काय मिळतं, देव जाणे. चहाच्या गाड्यावर सकाळी माणसं बसतात ती चक्क वयस्कर असतात. आमच्या ह्यांना तिथं बाकावर जागा मिळते आणि त्याचं त्यांना इतकं अप्रूप वाटतं, की दोन कप चहा जास्त होतो.

या दिवसांत सगळ्यात कामाचा माणूस म्हणजे रद्दीवाला. चार वर्षांचं इंजिनिअरिंग त्याच्या काट्यावर चढतं. जर्नलं, असाइनमेंटा, स्पायरल बाइंडिंग केलेल्या नोटा. तो पुस्तकं हातात घेऊन नुसती फर्रकन चाळतो आणि दोन ढीग करतो. मी एकदा विचारलं, कसं निवडता? म्हणाला, “उघडलेली किलोवर, न उघडलेली नगावर. न उघडलेली जुलैत परत खपत्यात.” आमच्या वरच्या खोल्यांतून दुसरा ढीग नेहमीच मोठा निघतो.

एक वस्तू मात्र रद्दीवाल्याला मिळत नाही. वरच्या मधल्या खोलीत खिळ्याला टांगलेला ड्राफ्टर. पहिल्या वर्षाला ड्रॉइंगला लागतो, नंतर त्याला कोण विचारतं? कुणीतरी जाताना माझ्याकडं दिला, “काकू, पुढच्या पोराला द्या.” पुढच्यानं त्याच्या पुढच्याला दिला. त्याच्या पट्टीवर कर्कटकाच्या टोकानं कोरलेली नावं आहेत, सालं आहेत: २००९, २०११, २०१४. एकानं नावच लिहिलेलं नाही, नुसतं ‘जत’ कोरलंय. तो मला चांगला आठवतो. उन्हाळ्यात पाणी सांडलं तर रागवायचा. आमच्या नळाला कृष्णेचं पाणी, त्याच्या गावाला टँकर. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन आला होता तेव्हाही उठून आधी नळ घट्ट बंद केला त्यानं.

सगळी पोरं जात नाहीत म्हणा. कुणाचे विषय राहिलेले असतात, असा एखादा हमखास मागं उरतो. यंदाचा गंगाखेडकडचा होता. सकाळी पुस्तक, संध्याकाळी सरकारी घाटावर पोहायला. मेमध्ये कृष्णा अशी अंग चोरून वाहते की हीच बाई २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली होती, हे त्याला पटेचना. त्याला वाटलं, काकू फेकतायत. कोयनेतून पाणी सोडलं त्या दिवशी घाटाच्या आणखी दोन पायऱ्या बुडल्या, तेवढ्यावर तो घाबरून लवकर परत आला.

पहाटे पाचला मी चीक शिजवायला घेतला तेव्हा हा हिंगाच्या वासानं खाली. वाटीभर चीक तूप घालून दिला, तर म्हणाला, “आई असाच करती.” आणि मग मी न सांगताच त्यानं सोऱ्या हातात घेतला. त्याच्या कुरडया दिसायला भयंकर झाल्या. एक तर अगदी मराठवाड्याच्या नकाशासारखी. पण दाबायला जोर होता, आणि माझा उजवा खांदा आता साठीचा आहे. दुपारभर पुस्तक घेऊन तो गच्चीच्या दारात बसला, कावळे हाकायला. पानं फार उलटली नसावीत.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला वारं सुटलं. मिरजेच्या बाजूनं आभाळ काळं-पिवळं झालं, दारं आपटली, लाइट गेली. वळवाचा काही भरवसा नसतो. मी जिन्याच्या निम्म्यावर पोचते तोवर वरून ओरडणं ऐकू आलं, “काकू, तुम्ही येऊ नका, घसराल!” प्लॅस्टिकच्या कागदाची चारी टोकं धरून तो गाठोडं घेऊनच खाली आला. निम्म्या कुरडया मोडल्या. वाळलेल्या होत्या, तळायला काय, चालतात मोडक्याही.

दोरीवर मात्र त्याची एकुलती एक जीन्स राहिली होती. ती रात्रभर भिजली. दुसऱ्या दिवशी पेपरला तो ह्यांची पँट घालून गेला, पट्टा दोन भोकं आवळून.