एका रबरासाठी २६ दिवस

काम होऊन आता दोन महिने झालेत, तरी स्विमिंग पूलच्या फिल्टरजवळून जाताना अजून चिडचिड होते. बदललेला भाग बशीएवढा. बसवायला एक दुपार पुरली. तो हातात यायला मात्र २६ दिवस गेले. हे लिहितेय ते मुख्यतः त्या २६ दिवसांमुळे.

घरामागे आमचा छोटा पूल आहे, ८ मीटर बाय ४ मीटर. आईचे गुडघे दुखतात. जमिनीवर तिला दहा मिनिटंसुद्धा चालवत नाही, पाण्यात मात्र ती अर्धा तास चालते. पूल बंद पडला की तिचं चालणंच बंद पडतं.

सुरुवात झाली ती फिल्टरच्या टाकीखाली दिसलेल्या ओलीपासून. बोलावलेल्या कारागिराने एकदा टाकीकडे बघितलं आणि म्हणाला, "टाकीच गेली, ताई. चीर पडली असणार. नवीन फिल्टर बसवून टाका." टाकीला खरोखर चीर पडली असेल तर ती बदलायलाच हवी, वरून लेप लावून भागत नाही. पंप चालू असतो तोवर आत दाब असतो, आणि दाबाखाली टाकी किंवा तिचं झाकण उडालं तर जवळच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. मी घाबरले आणि नव्या फिल्टरची चौकशीही सुरू केली. पण त्याचा तो 'असणार' डोक्यातून जाईना. शेवटी पंप बंद करून टाकी, पाइप, सगळे जोड फडक्याने कोरडे केले, प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळला आणि पंप सुरू केला. पाच मिनिटांत वरच्या युनियनचा, म्हणजे पाइपच्या फिरवून उघडता येणाऱ्या जोडाचा, कागद भिजला. तिथून पाणी पाइपवरून टाकीच्या अंगावर येत होतं आणि तळाशी साचत होतं. टाकी धडधाकट होती. युनियनमधली ओ-रिंग (रबरी कडी) चपटी झाली होती, ती बदलली, ओल थांबली.

पुलाची पातळी मात्र उतरतच राहिली.

मग बादलीची चाचणी केली. पुलाच्या पायरीवर बादली ठेवायची, तिच्यात पुलाच्या पातळीइतकंच पाणी भरायचं, आत-बाहेर दोन्हीकडे खूण करायची आणि २४ तासांनी बघायचं. उन्हावाऱ्याने उडून जाणारं पाणी दोन्हीकडे साधारण सारखंच जातं, त्यामुळे जो फरक उरतो ती गळती. बादली ६ मिलिमीटर उतरली, पूल १७. फरक ११ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ३२ चौरस मीटरवर ते ३५२ लिटर होतात, आणि तेही एका दिवसात! दुसऱ्या दिवशी पंप पूर्ण बंद ठेवून तीच चाचणी केली, तेव्हा दोन्ही सारखेच उतरले. म्हणजे तळ, भिंती, फरशा ठीक होत्या. पाणी पंप चालतानाच जात होतं.

आमचा वेस्टचा, म्हणजे नको असलेलं पाणी बाहेर टाकायचा पाइप झुडपांमागच्या शोषखड्ड्यात उघडतो. तिथे कोणी सहसा जात नाही. फिल्टरवरच्या व्हॉल्व्हचं हँडल 'फिल्टर'वर असताना हा पाइप कोरडा हवा. मी खाली हात धरला तर बोटाएवढी धार सुरू होती. व्हॉल्व्हवरच्या ज्या छोट्या काचेतून हे दिसायला हवं, ती काच पिवळी पडून आंधळी झाली होती. तुमची तशी झाली असेल तर आजच बदला.

फिल्टरच्या डोक्यावरचा हा व्हॉल्व्ह म्हणजे सहा घरांचा मल्टीपोर्ट: फिल्टर, बॅकवॉश (उलट्या पाण्याने आतली वाळू धुणं), रिन्स, वेस्ट, रिसर्क्युलेट आणि क्लोज्ड. हँडल फिरवलं की आतली चकती फिरते आणि पाण्याची वाट बदलते. चकतीखाली चाकाच्या आऱ्यांसारखं एक रबर असतं, त्याला स्पायडर गॅस्केट म्हणतात. त्याचा एखादा आरा फाटला किंवा खाचेतून उठला की पाणी शेजारच्या घरात शिरतं. ते बहुधा फाटतं पंप चालू ठेवून हँडल फिरवल्यामुळे. आमच्याकडे तसं झालं होतं, आणि फिरवणारी मीच होते. बॅकवॉश संपल्यावर घाईत एकदा नाही, अनेकदा.

तर आता हे रबर हवं होतं. जिथून फिल्टर घेतला तिथे फोन केला. उत्तर आलं, गॅस्केट सुटं देत नाही, पूर्ण व्हॉल्व्ह घ्या. एक रबर फाटलं म्हणून अख्खा चांगला व्हॉल्व्ह कचऱ्यात टाकायचा, हे मला पटेना. मी अडून बसले. मग म्हणाले, सुटा भाग हवा असेल तर फॉर्म भरा.

त्या फॉर्ममध्ये मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. आमच्या टाकीवरचं स्टिकर नेमकं उन्हाच्या बाजूला. त्यावर एक अक्षर उरलं नव्हतं. 'नंबर वाचता येत नाही' असं लिहायला फॉर्मात जागाच नव्हती. पुन्हा फोन. दर वेळी नवा माणूस, दर वेळी ओल, युनियन, बादली, वेस्टचा पाइप हे सगळं पहिल्यापासून. सहाव्या दिवशी उत्तर आलं: स्टिकरचा फोटो पाठवा. मी कोऱ्या स्टिकरचा फोटो पाठवला. नवव्या दिवशी उत्तर आलं: फोटो स्पष्ट नाही, पुन्हा पाठवा.

त्या दिवशी फोनवर माझा आवाज चढला. नंतर वाईट वाटलं, कारण पलीकडची मुलगी शांतपणे ऐकून घेत होती. तिनेच व्हॉल्व्हचा बाहेरून फोटो मागवला आणि तेवढ्यावर भाग पाठवून दिला. चौदाव्या दिवशी पाकीट आलं. ते दोन इंची व्हॉल्व्हचं रबर होतं. आमचा व्हॉल्व्ह दीड इंची. म्हणून सांगते, पाइप कोणत्या मापाचा आहे हे पहिल्याच फोनमध्ये सांगा. कोणी विचारणार नाही, तरी सांगा.

चुकीचं रबर परत पाठवलं. ते पोहोचून तपासलं गेल्याशिवाय दुसरं निघणार नाही, असा त्यांचा नियम. त्यात आणखी आठवडा.

या सगळ्यात पुलाचं काय झालं? सुरुवातीचे काही दिवस मी रोज नळीने पाणी भरत राहिले. ताजं पाणी सारखं पडलं की क्लोरीन पातळ होतं, रोज पुन्हा टाकावं लागतं. मग वैतागून पंपच बंद ठेवला. चार दिवसांत पाणी हिरवं झालं. आई रोज सकाळी मागच्या दारात येऊन उभी राहायची. "आज तरी उतरू का गं?" एवढंच विचारायची आणि मी नाही म्हटलं की आत जायची. त्या दिवसांत तिचं जिना चढणं पुन्हा बंद झालं.

बाराव्या दिवशी एक तात्पुरता उपाय सुचला, तो पहिल्याच दिवशी करायला हवा होता. वेस्टच्या पाइपवर मी एक साधा बॉल व्हॉल्व्ह बसवला आणि बंद करून ठेवला. पाणी जायला वाटच उरली नाही, पंप सुरू करता आला, पातळी थांबली. मात्र हा व्हॉल्व्ह बंद असताना चुकूनही बॅकवॉश करू नका. बाहेर जायची वाट बंद असेल तर दाब एकदम चढतो आणि टाकी फुटू शकते. मी हँडललाच चिठ्ठी बांधली होती. शिवाय हा इलाज नव्हे. फाटलेल्या रबरातून थोडं पाणी न गाळताच पुलात परततं, त्यामुळे पाणी निवळलं तरी पूर्ण स्वच्छ काही होईना. तशा पाण्यात आईला उतरवायची माझी तयारी नव्हती.

बाविसाव्या दिवशी मी व्हॉल्व्हचं झाकण उघडलं. फोनवर मला बजावलं होतं की नवा भाग येईपर्यंत उघडू नका, म्हणून इतके दिवस हात लावला नव्हता. झाकण उलटं केलं, आणि आतल्या बाजूला, प्लास्टिकमध्येच उठावाने, नंबर! उन्हाने न जाणारा, पाण्याने न पुसणारा. त्याचा फोटो पाठवला आणि तासाभरात उत्तर आलं, भाग ओळखला, आज निघतो. सव्विसाव्या दिवशी तो हातात होता. तीन आठवडे एवढ्या लोकांशी बोलले, त्यातल्या एकालाही 'झाकणाच्या आत बघा' हे सांगावंसं वाटलं नाही, याचा राग अजून आहे.

बसवताना लक्षात ठेवायचं ते असं. पंप बंद करून त्याची वीज मुख्य बटणावरून तोडा, पूल फिल्टरपेक्षा उंचावर असेल तर दोन्हीकडचे व्हॉल्व्हही बंद करा, आणि दाबाच्या गेजचा काटा शून्यावर आल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. उघडण्याआधी झाकणावर आणि खालच्या भागावर मार्करने एक सरळ रेघ ओढा, नाहीतर झाकण फिरून बसतं आणि हँडलवरची नावं खोटी ठरतात. चकतीमागे जाड स्प्रिंग असते, ती झाकण वर ढकलते, म्हणून स्क्रू थोडेथोडे, समोरासमोरचे सोडवा. खाचेतला जुना गोंद लाकडी काडीने खरवडा. मी आधी स्क्रूड्रायव्हर घेतला होता, ओरखडा पडेल म्हणून ठेवून दिला. वाळूचा एक कणही खाचेत राहता कामा नये. झाकणाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली नको, तिने काही रबरं फुगतात. गोंद पाकिटावर लिहिलंय तितका वेळ वाळू द्या. मी रात्रभर ठेवला. एवढी वाट बघितली होती, आणखी एक रात्र काही जड नव्हती.

सकाळी वेस्टवरचा बॉल व्हॉल्व्ह उघडून पंप सुरू केला आणि धावत झुडपांमागे गेले. पाइप कोरडा. गेजवर ९ पीएसआय दाब. बॅकवॉश करून हिरवा गाळ काढला, क्लोरीनची मात्रा दिली, तीन दिवसांत तळाच्या फरशा दिसायला लागल्या. पुन्हा बादली ठेवली: बादली ६ मिलिमीटर, पूल ६.

आता आम्ही स्वच्छ वाळूवरच्या आकड्यापेक्षा काटा ८-१० पीएसआय वर गेला की बॅकवॉश करतो, आणि पंप थांबून पाण्याचा आवाज बंद झाल्यावरच हँडलला हात लावतो. पुलात वाळू यायला लागली तर दोष बहुधा या रबरात नसतो, टाकीच्या तळातल्या जाळीदार नळ्यांपैकी एखादी मोडलेली असते, तेव्हा उगाच व्हॉल्व्ह उघडत बसू नका.

दुसरं एक रबर मागवून सपाट डब्यात ठेवलंय, दुमडलं की ते त्याच घडीवर फाटतं. व्हॉल्व्हचा नंबर पंपघराच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहिलाय, ऊन पोहोचत नाही त्या बाजूला. आणि आई सध्या अर्ध्या तासाऐवजी चाळीस मिनिटं चालतेय.