गुरदयाल सिंग वाचताना अडणारे दोन शब्द

पंजाबी लेखक म्हटलं की आपल्याकडे अमृता प्रीतम यांच्यापाशीच गाडी थांबते. 1981चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, तो मान योग्यच. पण पंजाबीतलं दुसरं ज्ञानपीठ 1999चं, निर्मल वर्मांसोबत विभागून गुरदयाल सिंगांना मिळालेलं. जैतो गावचा हा माणूस सुतार-लोहारांच्या घरातला. लहानपणीच शाळा सुटली, हातात हत्यारं आली. पुढे चिकाटीनं शिकून शिक्षक आणि मग प्राध्यापक झाले.

त्यांची 'मढी दा दीवा' (1964) ही कादंबरी हातात घ्याल तर दोन शब्द आधी समजून घ्या. 'मढी' म्हणजे आपल्या नाथपंथीयांची मढी नव्हे. मेलेल्या माणसाच्या राखेवर बांधलेली छोटीशी समाधी. दुसरा शब्द 'सीरी'. अनुवादात त्याचा 'मजूर' झाला की कादंबरीचा कणाच मोडतो. 'सालगडी' जवळचा, पण तोही पुरता नाही. सालगड्याचं साल ठरतं; सीरीला पिकातला वाटा मिळतो, म्हणून जमिनीत आपलाही जीव आहे असं त्याला वाटत राहतं. जमीन मात्र मालकाच्याच नावावर. नायक जगसीर याच भावनेवर जगतो. जुना मालक धरमसिंग माणुसकी राखतो, त्याचा मुलगा व्यवहार बघतो. शेतातलं टाहलीचं, म्हणजे शिसवीचं, झाड तोडलं जातं तेव्हा जगसीर आतून का कोसळतो, हे 'मजूर' वाचणाऱ्याला कळणारच नाही.

पुढे 'अन्हे घोडे दा दान' घ्या. ती आकारानं लहान आहे, पण पचायला जड.