किनाऱ्यावरच्या शहराचा कार्बन : हिशेब पाण्यापर्यंत न्यावा

शहरांनी कार्बन उत्सर्जन कसे कमी करावे यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्यातला बहुतेक सल्ला डोंगरातल्या शहरालाही लागू पडतो आणि वाळवंटातल्या शहरालाही. बसगाड्या वाढवाव्यात, छपरांवर सौर पॅनेल बसवावेत, ओला कचरा वेगळा करून कचराभूमीतून निघणारा मिथेन थांबवावा, हे सारे करायलाच हवे आणि त्याविषयी मी येथे फार लिहिणार नाही. मला मांडायचे आहे ते असे, की समुद्रकाठच्या शहराकडे उत्सर्जनाची काही कारणे आणि ते कमी करण्याची काही साधने अशी असतात, जी इतर शहरांकडे नसतात. तरीही शहराच्या हवामान आराखड्यात त्यांना फारशी जागा मिळत नाही, कारण आराखडा करणाऱ्यांचा हिशेब बहुधा पाण्याच्या रेषेपाशी थांबतो.

सुरुवात बंदरापासून करायला हवी. धक्क्याला लागलेले जहाज मुख्य इंजिन बंद करते, पण त्यावरचे दिवे, पंप, शीतपेट्या आणि वातानुकूलन चालू ठेवण्यासाठी साहाय्यक इंजिने दिवसरात्र धडधडत असतात. मोठ्या प्रवासी जहाजाची गरज काही मेगावॅटची असते, म्हणजे एका लहान गावाला पुरेल इतकी वीज ते डिझेल जाळून शहराच्या दारातच तयार करत असते. जगाच्या एकूण हरितगृह वायूंमध्ये जहाजवाहतुकीचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. मात्र आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी विकलेले इंधन कोणत्याही देशाच्या राष्ट्रीय बेरजेत धरले जात नाही, त्याची नोंद वेगळी ठेवली जाते. जे कोणाच्याच खात्यावर नाही, ते कमी करण्याची निकडही कोणाला वाटत नाही.

यावरचा उपाय नवा नाही. जहाजाला धक्क्यावरून केबलने वीज द्यायची आणि त्याची इंजिने बंद करायची. स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदराने २००० साली मालवाहू जहाजांसाठी उच्च दाबाची अशी व्यवस्था सुरू केली, आणि कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये नियम करून ठराविक जहाजांना ती बंधनकारक केली. अडचणी आहेत, पण त्या सुटणाऱ्या आहेत. बहुतेक मोठ्या जहाजांवरची वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची असते, तर जगातल्या अनेक देशांचे जाळे ५० हर्ट्झवर चालते, त्यामुळे धक्क्यावर वारंवारता बदलणारे यंत्र लागते. त्यासाठी जागा लागते, उपकेंद्र लागते आणि भांडवल लागते. शिवाय जहाज कंपनी म्हणते की बंदरात सोय नाही म्हणून आम्ही जहाजात जोडणी बसवत नाही, आणि बंदर म्हणते की जहाजांत जोडणी नाही म्हणून आम्ही सोय करत नाही. नियमाविना ही कोंडी फुटत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. युरोपीय संघाने २०३० पासून आपल्या प्रमुख बंदरांत कंटेनरवाहू आणि प्रवासी जहाजांवर ही सक्ती ठेवली आहे, ती याच कारणाने योग्य ठरते.

मात्र येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. धक्क्यावर येणारी वीज कोळशाची असेल, तर बंदराजवळ राहणाऱ्यांचा धूर आणि आवाज नक्की कमी होतो, पण कार्बनमध्ये फारसा फरक पडत नाही, कारण कोळशावरच्या एका युनिटमागे निघणारा कार्बन डायऑक्साइड जहाजाच्या डिझेल इंजिनापेक्षा कमी नसतो. म्हणून बंदराच्या विजेचा विचार शहराच्या विजेपासून वेगळा करता येत नाही, आणि येथे समुद्र पुन्हा कामाला येतो. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनच्या बंदराबाहेर अवघ्या साडेतीन किलोमीटरवर मिडेलग्रुंडेन येथे २००० साली २० पवनचक्क्या उभारल्या गेल्या. त्यांची एकत्रित क्षमता ४० मेगावॅट आहे. आजच्या मानाने हा आकडा लहान वाटेल, परंतु मला त्यातली मालकीची रचना अधिक मोलाची वाटते. निम्म्या पवनचक्क्या वीज कंपनीच्या, तर निम्म्या आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या होत्या. किनाऱ्यावरून दिसणाऱ्या पवनचक्क्यांना एरवी जो विरोध होतो, तो त्यांत स्वतःचा हिस्सा असलेल्या माणसांकडून होण्याची शक्यता कमी असते.

खाड्या आणि उपसागर ओलांडणाऱ्या फेरी बोटी हे विद्युतीकरणासाठी सर्वांत सोपे क्षेत्र आहे, कारण त्यांचा मार्ग ठरलेला, अंतर थोडे आणि थांबा प्रत्येक वेळी त्याच धक्क्यावर असतो. नॉर्वेमध्ये २०१५ साली ‘अँपिअर’ ही मोटारी वाहून नेणारी बॅटरीवरची फेरी सुरू झाली. तिच्या दोन्ही टोकांची गावे लहान असल्याने तेथील वीजजाळे तिला काही मिनिटांत चार्ज करण्याइतके सक्षम नव्हते. अभियंत्यांनी दोन्ही धक्क्यांवरही बॅटऱ्या बसवल्या. त्या जाळ्यातून सावकाश भरत राहतात आणि बोट आली की तिला झपाट्याने वीज देतात. पुरेसे वीजजाळे नाही म्हणून विजेच्या बोटी शक्य नाहीत, हा आक्षेप या एका युक्तीने बराचसा निकालात निघतो. कोचीमध्ये २०२३ साली सुरू झालेल्या वॉटर मेट्रोने शहरी वाहतुकीतही विजेवरच्या बोटी चालवता येतात हे दाखवले आहे.

आता जमिनीकडे वळू. उष्ण किनारी शहरात विजेचा मोठा भाग हवा थंड करण्यात जातो, आणि तेथे नुसते तापमान नव्हे तर दमटपणाही उतरवावा लागतो. हवेतल्या बाष्पाचे पाणी करायलाच यंत्राची बरीच शक्ती खर्च होते. त्यात खाऱ्या हवेने यंत्राच्या बाहेरच्या भागातील पातळ पत्रे गंजतात, उष्णता नीट बाहेर पडत नाही आणि तेच यंत्र दरवर्षी थोडी अधिक वीज ओढू लागते. गंजरोधक लेप असलेली यंत्रे निवडणे आणि बाहेरचा भाग गोड्या पाण्याने नियमित धुणे, ही क्षुल्लक वाटणारी कामे हजारो यंत्रांच्या शहरात क्षुल्लक राहत नाहीत.

परंतु त्याआधीचा प्रश्न असा, की यंत्राची गरज इतकी का पडावी? दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून जाणारे मतलई वारे ही किनाऱ्याला फुकट मिळालेली वायुवीजनाची व्यवस्था आहे. समुद्राचे दर्शन महाग विकले जाते म्हणून किनाऱ्याला समांतर उंच इमारतींची सलग भिंत उभी राहते, आणि मागच्या वस्तीचा वारा कायमचा अडतो. पुढच्या रांगेतल्या घरांना जो वारा मिळतो, त्याची किंमत मागच्या रांगेतली घरे वीजबिलात भरतात. हाँगकाँगने हा अनुभव घेतल्यानंतर २००६ पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी वाऱ्याच्या वहनाचे मूल्यमापन करण्याची पद्धत आणली. इमारतींमध्ये मोकळ्या पट्ट्या सोडणे, किनाऱ्याकडे जाणारे रस्ते वाऱ्याच्या दिशेने ठेवणे, तळमजले खुले ठेवणे हे निर्णय बांधकामाआधीच घ्यावे लागतात. मला हा विषय सर्वांत तातडीचा वाटतो, कारण जहाजाची जोडणी दहा वर्षांनीही करता येते, पण उभी राहिलेली भिंत दोन पिढ्या हलत नाही.

समुद्राचे पाणीही शीतकरणात थेट उपयोगी पडते. हाँगकाँगच्या काई ताक भागात एका केंद्रातून अनेक इमारतींना थंड पाणी पुरवले जाते आणि त्या केंद्राची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडली जाते. हवेत उष्णता सोडणाऱ्या नेहमीच्या यंत्रणेपेक्षा त्यात वीज बरीच कमी लागते. याच शहरात शौचालयांसाठी १९५० च्या दशकापासून वेगळ्या नळांतून समुद्राचे पाणी दिले जाते आणि आज ८० टक्क्यांहून अधिक लोकसंख्येला ते मिळते. याचे कार्बनच्या दृष्टीने महत्त्व तेव्हा कळते, जेव्हा आपण पर्याय पाहतो. समुद्राचे पाणी गोडे करायला आधुनिक प्रकल्पातही घनमीटरमागे सुमारे ३ ते ४ युनिट वीज लागते. इतक्या महाग ऊर्जेचे पाणी शौचालयात ओतणे किंवा फुटक्या वाहिन्यांतून जमिनीत मुरू देणे मला पटत नाही. गळती थांबवणे आणि सांडपाण्याचा पुनर्वापर करणे यांची पाळी आधी यावी, आणि त्यानंतरही गोडे पाणी करण्याचा प्रकल्प अपरिहार्य ठरला, तर ऑस्ट्रेलियातील पर्थने २००६ मध्ये केले त्याप्रमाणे त्याच्या वापराइतकी पवन ऊर्जा विकत घेण्याचा करार प्रकल्पासोबतच व्हावा.

काँक्रीटविषयी थोडक्यात. समुद्राची पातळी वाढत असल्याने किनारी शहरे पुढील काळात भिंती, बांध आणि उंच रस्ते बांधणारच आहेत. सिमेंट तयार करताना चुनखडी भाजली की त्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे भट्टीचे इंधन बदलूनही निम्म्याहून अधिक उत्सर्जन तसेच राहते. पोलाद कारखान्यातील धातुमळी, म्हणजे भट्टीतून उरणारा टाकाऊ भाग (स्लॅग), दळून सिमेंटच्या मोठ्या भागाऐवजी वापरली, तर हा भार बराच उतरतो, आणि किनाऱ्यावर तिचा आणखी एक लाभ असा की अशा काँक्रीटमध्ये क्षार सावकाश शिरतात व आतल्या सळया उशिरा गंजतात. सुरुवातीची मजबुती येण्यास वेळ लागतो, साचे उशिरा काढावे लागतात, म्हणून ठेकेदार कुरकुरतात. निविदेतच तशी अट आणि तेवढी मुदत घालणे हे शहराच्या हातात आहे.

राहता राहिली खारफुटी, जिच्याविषयी सद्भावना पुष्कळ आणि नेमकेपणा कमी आढळतो. कांदळवने लावून शहराचे उत्सर्जन भरून निघेल हे खरे नाही. एक हेक्टर वन वर्षाला काही टन कार्बन डायऑक्साइड शोषते, आणि शहराचे उत्सर्जन लाखो टनांत मोजले जाते. त्याचे खरे मोल चिखलात आहे. भरतीच्या पाण्याखालील त्या चिखलात प्राणवायू पोहोचत नसल्याने पाने व मुळे पूर्ण कुजत नाहीत आणि शतकानुशतकांचा कार्बन तेथे साठून राहतो. हिंदी व प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातील कांदळवनांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हा साठा हेक्टरी सरासरी हजार टनांच्या घरात दाखवतो. भराव घालून किंवा पाणी तोडून ती जमीन कोरडी केली की हा साठा हवेला उघडा पडतो. त्यामुळे उभे वन राखणे हे रोपे लावण्याच्या कितीतरी पुढचे काम आहे. जेथे वन आधीच सुकले आहे, तेथेही बहुतेक वेळा रोपांची नव्हे तर पाण्याची उणीव असते. रस्त्याच्या भरावाखाली मोऱ्या पुरेशा रुंद केल्या, बुजलेले ओहोळ मोकळे केले आणि भरती-ओहोटीचे पाणी पूर्वीसारखे आत-बाहेर करू लागले, की जवळच्या झाडांची बीजे त्या पाण्यासोबत आपसूक येतात व रुजतात. म्हणून वनीकरणासाठी ठेवलेल्या निधीतून आधी या मोऱ्यांचे काम केले जावे.