आषाढीला पेरूच्या हॉटेलात

रविवार, ६ जुलै २०२५

आज आषाढी. सकाळी घरी फोन लावला तेव्हा तिकडे संध्याकाळ झाली होती आणि टीव्हीवर पंढरपूर चालू होतं. आईचा पहिला प्रश्न, "उपास धरलायस ना गं?" धरलाय म्हटलं. संध्याकाळी मित्रमंडळींबरोबर हॉटेलात जायचंय, हे काही सांगितलं नाही.

न्यूयॉर्कमध्ये जॅक्सन हाइट्सला राहून दोन वर्षं झाली. ७४व्या रस्त्यावर आपला किराणा, कढीपत्ता, मिठाई सगळं मिळतं. तिथून रूझवेल्ट अव्हेन्यूवर सात नंबरच्या गाडीच्या पुलाखालून थोडं चाललं की पाट्या स्पॅनिशमध्ये सुरू होतात. इक्वाडोर, कोलंबिया, पेरू. इतके दिवस त्या नुसत्या वाचत आले. आज आमच्यातल्या नागपूरकराच्या वाढदिवसाचं निमित्त झालं आणि त्यातल्या एका पेरू देशाच्या हॉटेलात गेलो. मी म्हटलं, मी नुसती बसते, तुम्ही जेवा.

त्यांनी आधी सेविचे मागवलं. लिंबाच्या रसात मुरवलेले कच्च्या माशाचे तुकडे, वर उभा चिरलेला कांदा, बाजूला फुटाण्यासारखे कुरकुरीत भाजलेले मक्याचे दाणे. चूल नाही, जाळ नाही, लिंबाच्या आंबटपणानेच मासा पांढरा पडतो. खाली उरतो त्या रसाला वाघाचं दूध म्हणतात. आमच्या मालवणच्या मैत्रिणीने वाटी उचलून तो पिऊन टाकला आणि दोन मिनिटं काही बोललीच नाही.

माझं लक्ष मात्र ताटलीच्या कडेला होतं. माशाशेजारी उकडलेल्या रताळ्याची जाड केशरी चकती ठेवलेली. रताळं! मग मी मेन्यू नीट वाचायला घेतला. पापा म्हणजे बटाटा. युका म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद. वाढणाऱ्या बाई आईच्या वयाच्या होत्या. आमच्यातल्या एकाला दवाखान्यातल्या नोकरीमुळे बऱ्यापैकी स्पॅनिश येतं. त्याच्याकरवी मी विचारलं, आज धान्य चालत नाही, काय देता येईल? बटाट्यावरच्या पिवळ्या सॉसमध्ये बिस्किटं वाटून घालतात, तो नको, असं त्यांनीच सांगितलं. तळणीत मासे तळलेले असतात, म्हणून युका उकडून आणते म्हणाल्या. कसला उपास, हेही विचारलं नाही. मला फार बरं वाटलं.

युकाचे पांढरेशुभ्र, लांबट तुकडे आले, वाफ निघत असलेले. मधोमध दोऱ्यासारखी एक शीर असते, ती बोटांनी ओढून काढायची. घास तोंडात घेतला आणि साबुदाण्याचाच चिकटपणा जिभेला लागला. आयुष्यभर साबुदाणा खाल्ला, तो ज्याचा होतो तो कंद मात्र आज पहिल्यांदा चाखला.

भिंतीवर एका हाराचा फोटो होता. पेरूमध्ये सिपान नावाच्या गावी १९८७ साली एका राजाचं थडगं सापडलं, त्यातला. अर्धे मणी सोन्याचे, अर्धे चांदीचे, आणि प्रत्येक मण्याचा आकार भुईमुगाच्या शेंगेचा. सतराशे वर्षांपूर्वी तिथल्या राजाने शेंगा गळ्यात घातल्या होत्या! मी किती तरी वेळ त्या फोटोपाशी उभी होते.

आजीचं एकादशीचं ताट आठवलं. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, बटाट्याची भाजी, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याचा लाडू. यातलं एकेक मूळचं अमेरिका खंडातलं. टिटिकाका सरोवराच्या आसपासचे लोक सात-आठ हजार वर्षांपूर्वी बटाटा लावत होते. 'बटाटा' हा शब्दही कॅरिबियन बेटांवर रताळ्याला म्हणत तो, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या वारकऱ्यांच्या उपासाला यातलं काहीच नसणार. तरी आजीच्या लेखी ते ताट अनादी होतं, आणि मलाही ते परकं वाटत नाही. ज्यांनी रानातल्या कडू कंदमुळांतून हे खाण्याजोगं केलं, त्या तिकडच्या शेतकऱ्यांची आपल्याकडे कुणी आठवण काढत नाही, एवढंच आज टोचलं.

उरलेली युका बाईंनी डब्यात भरून दिली. घरी आल्यावर तुपात जिरं, मिरची टाकली, युका कुस्करून परतली, वर भरपूर दाण्याचं कूट आणि लिंबू. मालवणची जेवून आलेली, तरी कढईतच चमचा घालून उभी राहिली. फोटो आईला पाठवलाय. तिकडे बारस उजाडली असेल.