पालखी कुठवर आली?

"पनवेल गेलं का रे?" बाबांनी चौथ्यांदा विचारलं. पनवेल केव्हाच गेलं होतं, माणगावही मागे पडलं होतं. मांडवी एक्सप्रेसच्या डब्यात आम्ही नऊ जण होतो. पुण्याहून दादा-वहिनी आणि त्यांची दोन पोरं, नाशिकहून ताई, डोंबिवलीहून आई-बाबा आणि आम्ही दोघं. बाबा ८१ वर्षांचे, आई ७६. निघालो होतो गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी, शिमग्याला.

खेडच्या अलीकडे नातूवाडीचा बोगदा लागला. चार किलोमीटरहून लांब अंधार. तेवढ्यात बाबा म्हणाले, "कशेडी घाटात एव्हाना तुझ्या आईने दोनदा ओकारी काढली असती." १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. त्याआधी गावी जायचं म्हणजे रात्रभर एसटी आणि लिंबाच्या फोडी. आईने खिडकीकडे तोंड करून म्हटलं, "तीनदा."

चिपळूणला उतरून जीप केली. मार्गताम्हाण्याला चहा झाला, शृंगारतळीला नारळ आणि ओटीचं सामान घेतलं. सामान उतरवण्याच्या गडबडीत बाबांची काठी जीपमध्येच राहिली, आणि ते लक्षात येईपर्यंत जीप परत चिपळूणच्या वाटेला लागली होती. चूक माझीच, कारण काठी माझ्याकडे दिली होती. चुलतभावाने लगेच परसातला एक चिवा, म्हणजे बारीक बांबू, तोडला, पेरं तासली आणि बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती अंगणात दोनदा आपटून बघितली. "ही बरी. ती डॉक्टरची काठी होती."

गणपतीला चाकरमानी देवासाठी गावी येतो, शिमग्याला देवच देऊळ सोडून घरी येतो. ग्रामदेवतेची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत बसतात आणि पालखी ढोल-ताशाच्या गजरात वाडीवाडीने, घरोघरी फिरते. कुठे तेरसे शिमगे, म्हणजे त्रयोदशीचे, कुठे भद्रेचे. आमच्याकडे भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेचे. होळी लागली की पालखी निघते. क्रम ठरलेला असतो, वेळ मात्र कधीच नाही. एखाद्या घरी पालखी मनासारखी नाचली की तासभर तिथेच. त्यामुळे शिमग्याचं खरं काम म्हणजे वाट बघणं.

आमच्या घराची पाळी तिसऱ्या दिवशी होती. दुपारी आई पडवीत विळी घेऊन बसली. पुढ्यात ओल्या काजूबियांचा ढीग. बोटांना राख चोळायची, बी पात्यावर उभी धरून दोन फाकी करायच्या, काडीने गर उचकटायचा. चीक लागला तर बोटाची साल निघते. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, म्हणून ताई सारखी म्हणत होती, "आई, दे मला." आई बीकडे बघतही नव्हती. नजर होती चुलीवर, जिथे वहिनी पुरण घोटत होती. "डाव उभा राहतोय का बघ," एवढंच म्हणायची, आणि अख्खा गर टोपात पडायचा. ताईने दहा बिया कापल्या. त्यातले सात गर तुटले आणि अंगठा काळा झाला.

संध्याकाळी सहाला निरोप आला, पालखी वरच्या वाडीत आहे. आठलाही वरच्याच वाडीत. साडेदहाला पोरं पोळ्या खाऊन पेंगली. बाबांना आत झोपा म्हटलं तर त्यांनी खुर्ची अंगणात सारवलेल्या जागेच्या कडेला नेऊन ठेवायला लावली. मग गप्पा सुरू झाल्या. बाबांना पालखीला पहिल्यांदा खांदा द्यायला मिळाला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते आणि उंची कमी पडली म्हणून खांद्यावर पंचाची घडी ठेवली होती, ही गोष्ट मी पन्नाशीला आलो तरी ऐकलेली नव्हती. डोंबिवलीत ती कधी निघालीच नसती. तिथे आम्ही भेटतो तेव्हा कुणाला तरी सहाची लोकल गाठायची असते.

दोनला ढोल जवळ आला. ताशाची तडतड आधी, मग बत्त्यांचा उजेड, मग घामाघूम पोरं. अंगणात पालखी उतरली, आईने ओटी भरली, गुरवाने आमच्या घराचं गाऱ्हाणं घातलं. वर्षभरात कोण आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली, सगळं देवाच्या कानावर. प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!"

मग पालखी नाचायला उचलली. पुढच्या पोराने बाबांकडे बघितलं आणि काही न बोलता दांडी खुर्चीच्या बाजूला वाकवली. बाबा उठून उभे राहिले. दादाने एक दंड धरला, मी दुसरा. दांडीचं टोक त्यांच्या खांद्यावर जेमतेम टेकलं होतं, सगळा भार पोरांच्याच खांद्यावर. मला वाटलं, आता डोळे पुसतील. तर ते ओरडले, "पाय उचला रे, झोपलात काय!" पोरं खिदळली, ढोलाने चाल बदलली, आणि चिव्याची काठी बाबांच्या मुठीत ठेक्यावर हलत राहिली.

सकाळी त्यांच्या खांद्यावर लाल वळ होता. आई खोबरेल चोळत होती.

"आणखी नाचा."

"पुढच्या वर्षी पंचाची घडी घेतो," बाबा म्हणाले.

जीपवाल्याचा फोन आला, काठी सापडली आहे, स्टेशनवर आणून देतो म्हणाला. बाबांनी मला खूण केली: राहू दे म्हणावं.