दगड ढोबळ चालतो, खूण नेमकीच लागते

भूकरमापकानं खुंटी ठोकली, तिच्या डोक्यावर खिळा मारला आणि मशीन उचललं, की मोजणी झाली असं सगळ्यांना वाटतं. पण हद्दीचा दगड अजून बसायचा असतो. दगडासाठी खड्डा काढायचा, आणि तो नेमका त्या खुंटीच्याच जागी. पहिल्या खोऱ्यासरशी खुंटी उपटून येते. मग "इथंच कुठंतरी होती" म्हणत दगड उभा राहतो आणि मशीननं काटेकोर दिलेला बिंदू तीन-चार इंच सरकतो. १०० मीटरच्या बांधावर दोन्ही टोकांचे दगड एकाच अंगाला चार इंच सरकले, तर साधारण १० चौरस मीटर जमीन इकडची तिकडं होते. म्हणजे गुंठ्याचा दहावा हिस्सा. भावकीत कोर्टापर्यंत जायला एवढं पुष्कळ झालं.

म्हणून खड्ड्याआधी बिंदू खुंटीतून काढून बाहेर, सुरक्षित जागी न्यायचा. त्याला लागतं काय, तर १२ एमएमच्या आठ सळया (प्रत्येकी अडीच फूट), फूटभर लांबीच्या चार लाकडी पट्ट्या, बायंडिंग तार, गवंड्याची नायलॉनची लाईनदोरी आणि हॅकसॉचं पातं. खुंटीपासून चारी दिशांना दीड-दीड मीटरवर सळयांची एकेक जोडी ठोकायची आणि जोडीवर आडवी पट्टी तारेनं आवळून बांधायची. समोरासमोरच्या पट्ट्यांवर दोरी ताणायची, म्हणजे दोन दोऱ्यांची फुली खुंटीवर येते. ओळंबा फुलीतून खाली सोडून, तो खिळ्याच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत दोऱ्या पट्टीवर इकडंतिकडं सरकवायच्या. आला, की दोरीखाली पात्यानं बारीक खाच पाडायची. आता दोऱ्या काढून ठेवा आणि बिनधास्त खणा. बिंदू त्या चार खाचांत आहे.

इथं तीन चुका हमखास होतात. एक, दोऱ्या एकमेकींना टेकतात. टेकल्या की वरची खालचीला ढकलते, म्हणून एका दोरीच्या दोन्ही पट्ट्या अर्धा सेंटीमीटर उंच ठेवायच्या. दोन, जागा नाही म्हणून फुली तिरकी काढतात. काटकोनात एक दोरी २ मिलिमीटर चुकली तर फुली २ मिलिमीटरच हलते. दोऱ्यांतला कोन ३० अंशांचा असला तर तीच चूक ४ मिलिमीटर होते. तीन, खड्ड्याची माती नेमकी सळयांच्या अंगावर टाकतात आणि सळया कलतात. माती कुठं टाकायची ते खणणाऱ्याला आधी दाखवून द्या. खोरं लावण्यापूर्वी दोऱ्या दोनदा काढून परत लावून बघायच्या. फुली दोन्ही वेळा खिळ्यावर एका मिलिमीटरच्या आत आली पाहिजे. येत नसेल तर कुठली तरी पट्टी ढिली आहे.

वाऱ्यानं ओळंबा डोलत असेल तर वाऱ्याच्या अंगाला पोतं आडवं धरलं तरी बराच फरक पडतो.

आता जमीन. आपल्याकडं, कोल्हापूर जिल्ह्यात, सगळा घोळ मातीचाच. शिरोळ, हातकणंगल्याचं काळं रान उन्हाळ्यात हात जाईल एवढं भेगाळतं आणि पावसाळ्यात फुगतं. दोन फुटांवर बसवलेला दगड त्या मातीबरोबर दरवर्षी वर-खाली होतो, कलतो. लोक यावर उपाय म्हणून वरच्या तोंडाशी काँक्रीटचा रुंद कोबा करतात. तो सगळ्यात वाईट. फुगणारी माती त्या छत्रीला खालून धरते आणि दगडासकट उचलते. खड्डा उलटा हवा : वर अरुंद, तळाशी रुंद. कुंपणाच्या खांबांसाठी भोकं पाडणाऱ्यांकडं हाताचा ऑगर असतो, त्यानं दीड मीटर खोल जायचं आणि तळ पहारीनं कोरून रुंद करायचा. वाफशावर असलेली माती स्वच्छ कापली जाते. ओल्या चिखलात भोकाच्या बाजू ढासळतात, आणि कडक उन्हाळ्यात ऑगर आत शिरतच नाही. तळाच्या काँक्रीटमध्ये १६ एमएमची सळई उभी करायची. तिच्यावर वरच्या मीटरभरात अडीच-तीन इंची पीव्हीसी पाईप घालायचा आणि पाईप व सळई यांच्यामध्ये कोरडी वाळू भरायची. माती फुगली तर पाईपला घासून वर जाईल, सळईला धरणार नाही. खूण त्या सळईच्या डोक्यावर. बांधावर दिसणारा दगड शेजारी वेगळा बसवा. तो फक्त जागा दाखवायला.

पश्चिमेकडं, शाहूवाडी-पन्हाळा-आजऱ्याकडं जांभा लागला तर काम सोपं. खडकात १६ एमएमचं भोक सहा इंच पाडून १२ एमएमची सळई सिमेंटच्या घट्ट पेस्टमध्ये बसवायची. एकच काळजी : भोकातली लाल भुकटी सायकलच्या पंपानं फुंकून काढायची आणि भोक ओलं करायचं. भुकटी राहिली तर सिमेंट तिला चिकटतं, खडकाला नाही, आणि सळई वर्षभरात हातानं फिरायला लागते.

मधल्या, मुरमाड जमिनीत नेहमीचा दगड चालतो. एक फूट व्यासाचा, तीन फूट खोल खड्डा, त्यात ६ इंची चौकोनी दगड. काँक्रीट १:२:४, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. एका खुणेला साधारण घमेलंभर सिमेंट लागतं, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात तीन खुणा. पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्मं, सात-आठ लिटरच. पातळ कालवलं की दगड तरंगल्यासारखा सरकतो.

दगड नेमका बसवायचा हट्ट मात्र धरू नये. ओल्या काँक्रीटमध्ये ४० किलोचा दगड मिलिमीटरात कुणालाच धरता येत नाही. तो सेंटीमीटरभर इकडंतिकडं गेला तरी चालेल. नेमकेपणा वरच्या खुणेत आणायचा. दगडाच्या डोक्यावर आधीच २० एमएमचं भोक ठेवायचं. प्लायवूडच्या तुकड्याला कडेपासून आत ८ एमएम रुंद खाच कापून तिच्यात त्याच जाडीचा स्टेनलेसचा बोल्ट नटानं अडकवायचा, डोकं वर. खड्ड्यावर दोन रिपा आडव्या टाकून प्लाय त्यावर सरकवायचा. बोल्टच्या डोक्यावरची पंचाची खूण फुलीच्या बरोबर खाली आली की प्लाय रिपांना खिळ्यांनी पक्का करायचा. मग भोकात सिमेंट भरायचं, ठासायचं आणि लगेच फुली परत बघायची. ठासताना प्लाय हलतोच. पहिल्या अर्ध्या तासात तो सरकवता येतो, नंतर नाही. दुसऱ्या दिवशी नट ढिला करून प्लाय खाचेच्या बाजूनं सरकवून काढायचा.

दगडाखाली एक गुप्त खूणही हवी. देशाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात स्टेशनच्या वरच्या खुणेखाली, त्याच ओळंब्यात, जमिनीत दुसरी खूण पुरायचे. वरची गेली तरी खालची सापडते. आपल्याला खड्ड्याच्या तळाशी, काँक्रीटच्या आधी, फुलीच्या ओळंब्यात छोटी सळई ठोकून भोवती मूठभर कोळसा आणि फुटकी खापरी टाकता येते. कोळसा कुजत नाही आणि काळ्या मातीतही खापरीबरोबर ओळखू येतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या मळीच्या रानांवर गाळ चढला. अशा ठिकाणी ही खालची खूणच शेवटचा आधार.

दोन दगडांमधलं अंतर स्टीलच्या टेपनं ताडून बघताना ऊन विसरू नये. टेप २० अंशांना खरा असतो. एप्रिलच्या दुपारी तो ४५ अंशांवर गेला तर ३० मीटरला जवळजवळ ९ मिलिमीटर लांबतो, म्हणून वाचन तेवढं कमी येतं. ताण किती द्यायचा यावरही मतं नकोत : बाजारातला हुकचा वजनकाटा टेपच्या कडीला लावून ५ किलो ओढायचं, टेप जमिनीवर टेकलेला ठेवायचा. सकाळी लवकर मोजणं सगळ्यात बरं. उभ्या उसात हे जमतच नाही. तोडणीनंतर, पाचट उचलल्यावर रान मोकळं असतं तेव्हाच दगड बसवावेत. रोव्हर (उपग्रहांवरून जागा सांगणारं, काठीवर धरायचं यंत्र) वापरणार असाल तर दोन मीटरच्या काठीचा बुडबुडा जरा कलला तरी टोक ४-५ मिलिमीटर चुकतं. टोटल स्टेशनचा (तिपाईवरच्या, प्रकाशकिरणानं मोजणाऱ्या यंत्राचा) प्रिझम, म्हणजे तो किरण परतवणारी काच, मात्र काठी काढून जमिनीलगत धरता येतो, तेव्हा तो आग्रहानं तसाच धरायला सांगा.

बिंदू विहिरीत, ओढ्यात किंवा आंब्याच्या बुंध्यात आला तर दगड तिथं बसवायचाच नाही. हद्दीच्या दोन्ही रेषांवर, सोयीच्या अंतरावर, एकेक साक्षीदगड बसवून त्यांच्यापासून बिंदूचं अंतर कागदावर उतरवायचं. बिंदू कुठं हे ठरवणं भूमी अभिलेखचं काम आहे, आपल्याकडं तो राखणं आहे. हद्दीच्या खुणा सांभाळायची जबाबदारी कायद्यानं जमीनधारकावरच टाकली आहे.

आठही सळया शेवटी उपटू नका. पट्ट्या काढण्यापूर्वी खाचांची जागा प्रत्येक जोडीत एका सळईपासून मोजून लिहा, मग सळया जमिनीच्या पातळीला ठोकून टाका. पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि परत एप्रिलमध्ये पट्ट्या त्याच मापानं बांधून दोऱ्या लावा आणि फुली बोल्टवर येते का बघा.